सोप्यावरचा सोपो

आमच्याकडे सोपो दोन तऱ्हेचा असतो. एकावर बसतात आणि दुसरा भरतात. बसायचा सोपो म्हणजे पुढच्या दाराशी भिंतीला लागून बांधलेला चिऱ्यांचा बाक. त्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची आणि तो पुढे गेला की त्याच्याविषयी बोलायचं. भरायचा सोपो म्हणजे बाजारात रस्त्यावर बसून भाजी, मासळी, फुलं विकणाऱ्यांकडून पालिका घेते ती रोजची पट्टी. दोन्हींना एकच शब्द कसा पडला ते मला ठाऊक नाही. उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं, म्हणून लोक मलाच विचारतात. मी सांगते, बसलास तर भर, एवढंच त्यातलं व्याकरण.

हे व्याकरण गेल्या वर्षी आमच्या गल्लीत भलतंच रंगलं. गाव कुठलं ते सांगत नाही. पेडणे आणि डिचोलीच्या पट्ट्यातलं एक, पालिका आहे म्हणून स्वतःला शहर म्हणवून घेणारं. बाजार संपतो तिथे आमची गल्ली सुरू होते. ती आखली तेव्हा एक बैलगाडी गेली म्हणजे पुरे, असा विचार असणार. समोरासमोरच्या बायका आपापल्या सोप्यावर बसल्या की एकीच्या सुपात काय आहे ते दुसरीला दिसतं, आणि नाही दिसलं तर विचारता येतं. अशा गल्लीत आता प्रत्येक घराची एक गाडी, काहींच्या दोन, आणि बाजाराला येणाऱ्यांच्या किती ते देव जाणे. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवरून उतरून सायकल डोक्यावर घ्यायचाच काय तो बाकी राहिलाय.

माझ्या दारासमोर भावजींचं घर. हे माझे सख्खे भावजी नव्हेत. त्यांची बायको पार्से गावची आणि मीही पार्से गावची. एका गावच्या म्हणून ती माझी थोरली बहीण, मी तिला बाय म्हणायचे, आणि बहिणीचा नवरा म्हणून हे भावजी. असली नाती आम्ही रक्ताच्या नात्यापेक्षा चोख पाळतो, कारण त्यात भावजींची थट्टा करायचा हक्क फुकट मिळतो. मी तो लग्न होऊन इथे आले तेव्हापासून बजावत आले आहे.

भावजींच्या घराला मात्र सोपो नाही. होता. गल्लीतला सगळ्यात ऐसपैस सोपो त्यांचाच. पण रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा वळण नेमकं त्यांच्या दाराशी आलं आणि पालिकेच्या माणसांनी तो एका सकाळी फोडून नेला. गटार झालं की नवा भरून देऊ, असं सांगून गेले. भरून देऊ म्हणजे बांधून देऊ. स्लॅब भरतात, पाया भरतात, तसा सोपोही भरतात. गटार झालं. त्यावर लाद्या बसल्या, त्या फुटल्या, पुन्हा बसल्या. सोपो काही आला नाही.

खाणी चालू होत्या तेव्हा भावजींचा स्वतःचा ट्रक होता. खाणी थांबल्यावर ट्रक विकून त्यांनी एक जुनी मोटार घेतली. ती चारआठ वर्षं चालली आणि मग तिच्या इंजिनाने राम म्हटला. भावजींनी आम्हा सगळ्यांना हाका मारून ती ढकलत आणली आणि सोपो होता त्याच जागेवर, भिंतीला चिकटून उभी केली. मागचं चाक थोडं पुढे आलं तर पुन्हा ढकलायला लावली. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला गाडीची हौस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर दोघं नवराबायको गाडीत जाऊन बसलेली. भावजी स्टिअरिंगपाशी, बाय त्यांच्या डाव्या हाताला. काच खाली, मांडीवर परडी, आणि ती अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, गुंफत्येय.

"बाय, खंय चल्ल्यात?" मी माझ्या सोप्यावरून विचारलं.

"पणजे," ती म्हणाली. "येता?"

त्या दिवसापासून हा रोजचा खेळ झाला. मी विचारायचं, तिने गाव सांगायचं. कधी साखळी, कधी पार्से, कधी काशी. गाडी हलली नाही, पण बाय सगळीकडे जाऊन आली. ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतरही भावजी संध्याकाळी स्टिअरिंगपाशी बसायचे आणि डावीकडची काच खाली असायची. मी मात्र खंय चल्ल्यात म्हणून विचारणं सोडलं. सांगायचा मुद्दा, ती मोटार नव्हती, भावजींचा सोपो होता, आणि हे पालिका सोडून अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

तर गेल्या वर्षी पालिकेने ठरवलं की गल्लीतल्या रहिवाशांना गाड्या लावायचे पास द्यायचे. पासाची पट्टी गोळा करायचा ठेका दिला तो बाजाराचा सोपो गोळा करणाऱ्या ठेकेदारालाच. साहजिकच लोक त्या पट्टीलाही सोपो म्हणू लागले. मग एक रिक्षा भोंगा लावून गावभर फिरली. भोंग्यातून बाई सांगत होती, "घरासमोरच्या गाड्यांचो सोपो जे भरतले, तांकांच पास मेळटलो." आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आणि बस समोरासमोर आली, बसवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो उचलला नाही, आणि भावजींच्या कानापर्यंत पोचलं ते एवढंच: "घरासमोरचो... सोपो... भरतले."

घरासमोरचा सोपो भरणार! इतक्या वर्षांनी!

पासांचे दर ठरवायला पालिकेने सभा बोलावली. त्या दिवशी भावजी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून माझ्या दारात हजर. "चल गो. आयज आमचें काम जाता." मला वाटलं, काम होणार म्हणजे पास मिळणार, म्हणून खूश आहेत. मी म्हटलं, चला.

सभा पालिकेच्या वरच्या माळ्यावर. आमच्या वॉर्डाची नगरसेविका माझी विद्यार्थिनी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारलेल्या प्रश्नाला सोडून बाकी सगळ्याला उत्तर द्यायची, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही राजकारणात जाणार. तिने दर वाचून दाखवले. घरामागे पहिल्या गाडीला थोडी पट्टी, दुसरीला दुप्पट, आणि जी गाडी जागची हलत नाही तिला सगळ्यात जास्त. मुदतीत भरलं नाही तर क्रेन येऊन गाडी उचलणार.

आता मी पट्टीच्या विरोधात नव्हते, हे आधीच सांगते. रस्ता कुणाच्या बापाचा नाही. त्यावर कुणी आपलं लोखंड ठेवत असेल तर त्याने चार पैसे द्यावेत, यात मला काही गैर दिसत नाही. मांद्र्याला माझा चुलतभाऊ कुळागरात माडांखाली पर्यटकांच्या गाड्या लावू देतो आणि नारळांपेक्षा गाड्यांवर जास्त कमावतो. त्याने वर पाटीसुद्धा लावलीय, नारळ पडल्यास आम्ही जबाबदार नाही म्हणून. लोक खुशाल पैसे देतात आणि नारळाखाली गाडी ठेवतात. पण तिथे पैसे दिले की जागा मिळते, सावली मिळते, फार तर नारळही मिळतो. आमच्या पासाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, पास असला तरी जागेची हमी नाही. म्हणजे पैसे भरून मिळायचा तो जागा शोधायचा हक्क. तो तर मी रोज फुकट बजावत होते.

सभेत प्रत्येकाचा न्याय वेगळा निघाला. लांब गाडीवाला म्हणाला, गाडीला गाडी सारखीच धरा. छोट्या गाडीवाला म्हणाला, लांबी मोजून घ्या. आमचे हे स्कूटरवाले, ते म्हणाले, चाकं मोजा. ज्याच्या घरी तीन भाऊ, तीन चुली आणि तीन गाड्या, तो म्हणाला, घर नंबर एक असला तरी चुलीमागे पहिली गाडी धरा. त्यावर एकाने विचारलं, मग भाऊ भांडले की पट्टी कमी होणार? तो म्हणाला, होय, आणि आम्ही आजच भांडायला तयार आहोत. ज्याच्याकडे गाडीच नाही असा एकजण उठून म्हणाला, सगळ्यांकडून भरपूर घ्या. त्याला सगळ्यांनी खाली बसवलं.

मग कोपऱ्यावरचे शेठ उठले. यांचं किराणा मालाचं मोठं दुकान आणि गल्लीच्या तोंडाशी कंपाउंडाचं घर. "रस्तो सार्वजनिक. जो वापरता, ताणें भरचें," ते म्हणाले. "तत्त्वाचो प्रश्न आसा."

तत्त्व हा शब्द ऐकला की माझं टाळकं फिरतं. शेठांच्या गाड्या कंपाउंडाच्या आत, त्यामुळे त्यांना पट्टी नाही. बरं, नाही तर नाही. पण त्यांचं फाटक हत्ती आडवा जाईल एवढं रुंद, आणि त्यावर पाटी, फाटकासमोर गाडी लावू नये. म्हणजे रस्ता त्यांनीही अडवलाय, फक्त काही न ठेवता.

मी उठले. "शेठ, तुमच्या फाटकामुखार दोन गाड्यांची सुवात रिती उरता. त्या रित्या सुवातीचो सोपो कोण भरतलो?"

रिकाम्या जागेचा सोपो म्हटल्यावर सगळे हसले. नगरसेविका म्हणाली, "बाई, तो मुद्दो आयच्या विषयांत ना."

"तुझ्या निबंधांतही केन्नाच मुद्दो विषयांत नासलो," मी म्हटलं आणि बसले. मास्तरकी सुटली तरी जीभ सुटत नाही.

आणि तेवढ्यात भावजी उभे राहिले. सोपो, सोपो हा शब्द सगळीकडून कानावर पडत होता, त्यांना वाटलं आपली पाळी आली. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "म्हजो सोपो केन्ना भरतले तें सांगात. पूण चिरे बरे घालात. आदले बरे आशिल्ले."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काका, पालिका भरना. तुमी भरपाचो!" आणि सगळा माळा खदखदून हसला. मीही हसले असते, पण भावजी हसणाऱ्यांकडे बघत स्वतःही थोडे हसले, आणि मग शर्टाच्या बाह्या उगाच नीट करत बसले. मला त्या माळ्याला आग लावावीशी वाटली.

घरी येताना ते एकच वाक्य बोलले. "तांणी म्हजो सोपो न्हेलो, आनी आतां ताच्याच सुवातेर बसपाक हांव सोपो दिवं?"

प्रश्न पैशांचा नव्हता. पट्टी भरायला मीही तयार होते, भावजींचा मुलगा मुंबईहून भरायला तयार होता. भावजी तयार नव्हते. त्यांनी ताठ नकार दिला. मुदत संपली आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर पालिकेचा लाल कागद चिकटला, सोमवारी क्रेन येईल म्हणून. भावजी त्या संध्याकाळीही स्टिअरिंगपाशी बसले. लाल कागद समोर, त्याच्या बाजूने जेवढं दिसेल तेवढा रस्ता बघत होते. अशा वेळी माणूस रडला तर बरं, निदान समजूत घालता येते. ते नुसते बसले होते, आणि मला वाटलं, ही जागा गेली तर हा माणूस घरात जाऊन जो बसेल तो परत बाहेर येणार नाही.

मी रात्रभर विचार केला, असं लिहायला छान वाटेल, पण युक्ती मला दुपारी भांडी घासताना सुचली. पालिकेला पट्टी हवी ती गाडीची. गाडी म्हणजे काय? तिला इंजिन, चाकं, नंबर. सीट म्हणजे गाडी नव्हे. सीटला नंबर नसतो.

रविवारी भावजी जेवून आडवे झाले तेव्हा मी ह्यांना पान्हे घेऊन बाहेर काढलं. हे म्हणाले, ही चोरी. मी म्हटलं, आपल्याच भावजींची वस्तू त्यांच्याचसाठी काढायची ती चोरी कशी? हे म्हणाले, पकडले गेलो तर तूच बोल. तशी बोलते मीच. गाडीला कुलूप नव्हतं. पुढच्या सीटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. खोबरेल ओतून पाहिलं, पान्हा घसरून ह्यांचं बोट सोललं. मागची सीट मात्र नुसती वर ओढली आणि निघाली. लांबलचक, तिघं बसतील अशी. आम्ही ती उचलून माझ्या घरात आणली, वर चादर घातली आणि मी इतकी खूश झाले की ह्यांना दोन वेळा चहा दिला.

सोमवारी क्रेन आली. गाडी वर गेली, दारं लोंबली, आतून वाळलेली अबोलीची फुलं भुरभुर खाली पडली. भावजी बाहेर आले नाहीत. दार बंद. मला फार वाईट वाटलं, पण युक्ती हाताशी असलेल्या माणसाला वाईट फार वेळ वाटत नाही. क्रेन वळणावर गेली तशी आम्ही दोघांनी गटाराच्या अलीकडे, सोपो होता तिथेच चार चिरे मांडले, वर सीट ठेवली, भिंतीला टेकवली. अगदी मापात बसली. मग मी दार वाजवलं. "भावजी, यात. तुमचो सोपो भरला."

ते दारात येऊन बघत राहिले. मी वाट बघत होते, कधी हसतात. ते म्हणाले, "फाटली सीट ही."

"होय. तिगां बसतात."

"बाय फुडें बसताली," ते म्हणाले.

मी इतकी वर्षं समोर बसून रोज बघत होते, आणि काढून आणली ती सोपी निघणारी सीट. तिची सीट क्रेनवर लोंबत ठेकेदाराच्या यार्डात गेली होती. भावजींनीच माझी दया केली असावी. ते उजव्या टोकाला बसले, हाताने सीट थोपटली आणि म्हणाले, "बस गो. बरी केल्या."

तो आमच्या आठवड्याच्या मोठ्या बाजाराचा दिवस. बाजार भरला की भाजीवाल्या आमच्या गल्लीच्या आतपर्यंत येऊन बसतात. त्यांच्याकडून सोपो घेत घेत ठेकेदाराचा माणूस आमच्यापाशी आला. हा बेळगावकडचा, वयाने पन्नाशीचा, गळ्यात पावतीपुस्तक. गाड्यांची पट्टीही हाच गोळा करायचा. त्याने सीटकडे बघितलं, मागे जाऊन बघितलं, खाली वाकून चाकं शोधली.

"हे गाडीत धरायचं काय?" त्याने मलाच विचारलं.

"चाकां खंय आसात?"

"न्हाईत." तो विचारात पडला. "मग रस्त्यावर बसलायसा म्हंजे बाजारात धराय लागतंय. काय इकालायसा आजोबा?"

मी म्हटलं, "गजाली."

"ते काय असतंय?"

"गप्पा. ताज्या असतात. घेणार तर बसा."

तो हसला आणि खरंच बसला. मग भावजींनी त्याला सगळं सांगितलं, सोपो कुठे होता, कसा फोडला, नवा भरून देणार होते ते. सोपो शब्द ऐकून तो आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. "आमच्याकडं घराच्या म्होरच्या भागालाच सोपा म्हंत्यात की! पावणं आलं की सोप्यात बसवायचं. आमचा बा तितंच बसायचा. मी आपलं इथं रोज सोपो, सोपो करत हिंडालोय आणि म्हंतोय, हे गोव्याचं लोक घराचं भाडं मागितल्यासारखं का बघत्यात!"

भावजींनी त्याला विचारलं, बाजाराचा सोपो भरला की काय मिळतं. तो म्हणाला, मिळायचं काय, पावती. पण पावती फाडली की ती जागा रात्रीपर्यंत त्या माणसाची. मग ठेकेदार येऊ दे की शेठ येऊ दे, उठवायचं नाही. बाजाराचा कायदा आहे.

"मागीर म्हाका फाड," भावजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मुलाने भरतो म्हटलं तरी ज्यांनी पट्टी भरू दिली नाही, तेच खिशात हात घालून नाणं काढत होते. पण त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. महागाचा पास घेऊन जागेची हमी नाही, आणि भाजीवालीला चिल्लर देऊन दिवसभराची मालकी. एकाच पालिकेचे दोन कायदे, आणि त्यातला शहाणा कायदा चवळीच्या जुड्यांमध्ये बसलेला. ठेकेदाराच्या माणसाने पावती फाडली. मालाच्या रकान्यात काय लिहू म्हणाला. भावजी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही सांगता तें." त्याने बारीक अक्षरात 'गजाली' लिहिलं.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी येऊ लागला. पावती फाडायची, थोडा वेळ टेकायचं, बेळगावकडच्या चार गोष्टी सांगायच्या. गाडीत भावजी एकटे बसायचे. आता सीटवर कुणी ना कुणी असायचंच. पोदेर टेकायचा, भाजीवाल्या टेकायच्या, तीन चुलींच्या घरातले भाऊ एका वेळी एक असे टेकायचे. भावजींचा आवाज वाढला. ते इतरांच्या घरातल्या भानगडींत पुन्हा लक्ष घालू लागले. मला फार बरं वाटलं.

एका संध्याकाळी बेळगावचा माणूस आला तो पाय टेकत टेकत स्कूटर हाकत, मागे काहीतरी बांधून. सोडून खाली ठेवलं. मोटारीची पुढची सीट. डावीकडची. यार्डात मोटार कापायला काढली होती, बोल्ट मशीननेच तोडले, भावजींकडून बायची गोष्ट ऐकली तेव्हाच भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं, असं म्हणाला. भावजींनी त्या सीटवर हात फिरवला. शिवणीत अडकलेलं एक वाळकं फूल त्यांनी काढलं आणि परत तिथेच ठेवलं. मी आत जाऊन चिरे आणले, कारण बाहेर उभं राहवेना.

ती सीट मोठ्या सीटच्या डाव्या अंगाला मांडली. मग त्या माणसाने खाकरून पुस्तक उघडलं आणि भावजींकडे न बघता म्हणाला, "ही जागा येगळी झाली, आजोबा. हिची पावती येगळी."

मी चिडले. म्हटलं, हा काय न्याय, तिच्यावर कुणी बसतसुद्धा नाही. भावजींनी मला हाताने गप्प केलं. "फाड," ते म्हणाले. "दोन फाड." आणि तेव्हापासून ते रोज दोन पावत्या घेतात. एक शर्टाच्या खिशात ठेवतात आणि दुसरी डाव्या सीटच्या शिवणीत खोचतात.

हे असंच चाललं असतं, पण शेठांना ते बघवेना. त्यांचं फाटक आणि आमची सीट यांच्यात घरं होती, तरी त्यांनी पालिकेत तक्रार दिली, की रस्त्यावर अतिक्रमण, तत्त्वाचा प्रश्न. मग एका संध्याकाळी नगरसेविका स्वतः पाहणीला आली. बरोबर शेठ. मी माझ्या सोप्यावरून उठून कंबर कसून तयार.

"बाई, हें कितें?" ती म्हणाली.

"बाजार," मी म्हटलं. "पावती आसा."

तिने पावती मागितली. भावजींनी खिशातली दिली. तिने ती वाचली, 'गजाली' वाचलं, आणि तोंडावर पदर धरला. शेठ म्हणाले, हसण्यासारखं काय आहे, उठवा ह्यांना. ती म्हणाली, "शेठ, सोपो भरला. रातीमेरेन उठोवंक मेळना." शेवटच्या बाकावरची पोर त्या दिवशी पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन गेली. शेठ पाय आपटत फाटकाकडे निघाले.

ती दमली होती. दिवसभर असल्याच तक्रारी ऐकत फिरत होती. मोठ्या सीटवर पोदेर, भाजीवाली आणि डाव्या टोकाला भावजी असे दाटीवाटीने बसलेले, म्हणून ती सहजच डावीकडच्या रिकाम्या सीटवर टेकायला वळली.

पोदेर बोलता बोलता थांबला.

भावजी उठले. आपली जागा तिला दिली, हात धरून तिथे बसवलं, आणि स्वतः डाव्या सीटच्या पाठीवर हात ठेवून तिच्या बाजूला उभे राहिले.

"थंय नाका गो," ते म्हणाले आणि शिवणीतली पावती काढून तिला दाखवली. "तो भरिल्लो आसा."